चटणी थंड होऊ द्या, मगच पाकीट भरा
(माणगाव येथील मासिक बैठकीतलं मनोगत)



मागच्या खेपेला ऑर्डरच्या घाईत मीच म्हणाले, "भरा पाकिटं." कारळ्याची चटणी अजून कोमट होती. आत वाफ धरली, गोळे झाले, हायवेवरच्या दुकानातून माल परत आला. चूक माझी, नुकसान मात्र गटाचं झालं.

म्हणून एवढं पाळूया. दोन वाट्या कारळे, एक वाटी तीळ, अर्धी वाटी सुकं खोबरं मंद आचेवर वेगवेगळं भाजा. तीळ लवकर तडतडतात, एकत्र टाकले तर करपतात. लसूण कुरकुरीत परता. तिखट-मीठ घालून, सगळं गार झाल्यावरच थांबत थांबत वाटा, नाहीतर तेल सुटतं. पाकिटावर तारीख लिहा. पावसाळ्यात थोडीच करा.

चव आपल्या हाताला आहेच, आता गिऱ्हाइकाचा भरवसा परत मिळवूया.