बळींची नोंद आणि बातमीदाराचे दायित्व

जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या, म्हणजेच पारलिंगी व्यक्तींपैकी ज्या हिंसाचारात बळी पडल्या, त्यांच्या स्मरणार्थ 20 नोव्हेंबर हा दिवस जगभर पाळला जातो. 1998 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे रीटा हेस्टर या पारलिंगी स्त्रीची हत्या झाली, तेव्हा काही वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख पुरुष असा केला, त्या अवहेलनेविरुद्ध निषेध उमटला आणि पुढील वर्षी हा स्मृतिदिन सुरू झाला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी, ठाण्याच्या पारलिंगी हक्क कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचाही सहभाग असलेल्या खटल्यात, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला; म्हणून पारलिंगी व्यक्तीच्या हत्येची बातमी देणाऱ्या वार्ताहराने पोलिसांच्या कागदावरील जुने नाव तसेच न उचलता, मृत व्यक्ती ज्या नावाने जगली ते निकटवर्तीयांकडून पडताळून घेणे अगत्याचे ठरते. 2019 मध्ये संमत झालेल्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींच्या लैंगिक छळास सहा महिने ते दोन वर्षे एवढीच कैद सांगितली असल्याने, आरोपपत्रापासून निकालापर्यंतचा पाठपुरावा हेही पत्रकाराचे कर्तव्यच होय, कारण पाठपुराव्याविना स्मरण अपुरे राहते.