आहेराला बंदी



भाचीकडे कॅनडाला जाऊन आले, तर चार शब्द सांगा, असा तुमचा आग्रह. नायगाऱ्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, म्हणून मी बेला कूलाच्या खोऱ्याविषयी सांगते.

हे खोरे पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. विल्यम्स लेक गावाहून मोटारीने साडेचारशे किलोमीटर जायचे, आणि शेवटी असा घाट उतरायचा की मी डोळे मिटून रामरक्षाच म्हटली! सरकार करीना, तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी हा घाट स्वतः फोडला. १९५३ साली तो पुरा झाला.

खोऱ्यात हागेन्सबोर्ग गाव आहे. १८९४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटाहून सुमारे ऐंशी नॉर्वेजियन माणसे आपल्या पाद्र्याबरोबर येथे आली. सरकारने जमिनी दिल्या, त्यांनी जंगल तोडले, ओंडक्यांची घरे बांधली. माणसे खरोखर कष्टाळू. पण मी भाचीला विचारले, “सरकारने दिली ती जमीन सरकारची झाली कशी?”

ती नुहाल्क लोकांची. ते हजारो वर्षांपासून तेथलेच. १८६२ च्या सुमारास देवीच्या साथीने त्यांची गावेच्या गावे ओस पडली. जमीन देण्याचा करार त्यांनी कधी केलाच नाही.

त्यांच्यात पॉटलॅच म्हणून समारंभ असतो. नाव ठेवणे असो की कोणाचा मृत्यू, पाहुणे बोलवायचे, मुखवटे घालून नाचायचे, आणि यजमानानेच पाहुण्यांना आहेर करायचा. आहेर घेणारा त्या गोष्टीचा साक्षीदार. यालाच सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने बंदी केली. उद्या हळदीकुंकवाला वाण लुटले म्हणून कोणी तुरुंगात घातले तर? तरी त्यांनी सोडले नाही. मॅकिलरेथ नावाच्या अभ्यासकाने १९२३-२४ च्या हिवाळ्यात, बंदी असतानाच, तेथले नाच पाहिले.

त्यांचा एक कोरीव खांब १९१३ साली नेऊन व्हिक्टोरियाच्या संग्रहालयात ठेवला होता. त्यांच्या एका वंशपरंपरागत प्रमुखाने तो परत मागितला, पुढे कोर्टाची पायरीही चढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये खांब ट्रकवरून घरी आला. त्याला त्यांच्या शाळेत नेले. त्या शाळेत मुलांना नुहाल्क भाषा शिकवतात.