सहकुटुंब सायकल फेरी आणि मदतीचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. पैसा दिसला की तो आला कुठून आणि गेला कुठे, हे विचारण्याची आम्हांला सवय. त्याच सवयीने आज एका सायकल फेरीचा हिशेब आपल्यापुढे मांडत आहोत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दर ऑगस्टमध्ये 'पॅन-मास चॅलेंज' नावाची सायकल फेरी निघते. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ साली त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने मित्रमंडळी जमवून ही फेरी सुरू केली. त्या वर्षी सायकलस्वार होते ३६ आणि निधी जमला १०,२०० डॉलर. आता हजारो स्वार असतात. २०२४ पर्यंत एकूण निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला. हा पैसा बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेला मिळतो.

सायकल चालवून पैसा कसा जमतो? प्रत्येक स्वार ठराविक रक्कम जमवण्याची हमी देतो. मग तो नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कचेरीतल्या सोबत्यांना सांगतो, "मी एवढे मैल सायकल चालवणार आहे, तुम्ही या कामाला काय देता?" रक्कम कमी पडली तर उरलेली स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणजे मागणारा आधी स्वतःचा घाम देतो, मग हात पुढे करतो. अशा माणसाला नाही म्हणणे जड जाते.

या फेरीत कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात. बाप-लेक, नवरा-बायको, भाऊ-बहीण बरोबर निघतात. ज्यांना सायकल झेपत नाही ते स्वयंसेवक होतात. लहानांसाठी गावोगाव वेगळ्या छोट्या फेऱ्या असतात. आजार घरात एकाला होतो, पण भोगते सारे घर. तेव्हा मदतीलाही सारे घर निघते, हे आम्हांला फार योग्य वाटते. आई-वडिलांना दुसऱ्यासाठी दमताना पाहिलेल्या मुलाला समाजकार्य म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आमच्या पेशाला भावलेली गोष्ट पुढची आहे. २००७ पासून स्वारांनी जमवलेला पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेला दिला जातो. फेरीचा खर्च प्रवेश शुल्क आणि प्रायोजक यांतून भागवतात. लोकांचा विश्वास अशा चोख व्यवहारावर टिकतो.

विद्यार्थी मित्रहो, या हिशेबात जमेची एक नोंद आपल्या देशातली आहे. डाना-फार्बरचे संस्थापक डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ साली रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. काही मुलांचा आजार थोड्या काळापुरता का होईना, ओसरला. हे औषध डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी तयार केले होते. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या उपचारात वापरतात. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. मॅट्रिक पास झाले ते तिसऱ्या खेपेला. त्यांना अमेरिकेला जाता आले ते सासऱ्यांनी उभ्या केलेल्या पैशामुळे आणि काकिनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने दिलेल्या मदतीच्या आश्वासनामुळे. तेव्हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाला दिलेला रुपया किती दूर जातो, हे देणाऱ्याला त्या दिवशी दिसत नाही. म्हणून तो वाया गेला असे कधी समजू नये.

आमची सूचना साधी आहे. आपल्या संस्थेनेही शिक्षण निधीसाठी सहकुटुंब सायकल फेरी काढावी. दहा-पंधरा किलोमीटर पुरेत. सायकल भाड्याची चालेल, उसनी चालेल. प्रत्येक घराने एक पावतीपुस्तक घ्यावे आणि निदान दहा घरे गाठावीत. पाच रुपयांचीही पावती फाडावी. चहापाण्याचा खर्च कार्यकारिणीने वेगळा उभा करावा, जमलेल्या निधीला हात लावू नये. आणि आठ दिवसांच्या आत सारा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. हे शेवटचे काम आम्ही बँकेतली मंडळी आनंदाने अंगावर घेतो. ज्या कुटुंबांना फेरीत यायचे आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत, ही विनंती.