हवाईचा गळा

हवाईयन गिटार हे नाव ज्याच्या कानांवरून गेले नाही, असा आकाशवाणीचा जुना श्रोता मिळणे कठीण. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, तारांवरून सरकणारी पोलादी पट्टी आणि त्या पट्टीखालून ओघळणारी एखाद्या चित्रपटगीताची ओळखीची चाल यांनी दोन कार्यक्रमांमधली मोकळी मिनिटे किती वर्षे भरून काढली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. व्हॅन शिपले यांनी या वाद्यावर चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याला रागसंगीताच्या बैठकीत आणून बसविले आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या पंक्तीला ते मानाने बसले. वाद्य असे पुरते रुळले. परंतु ज्या बेटांचे नाव ते मिरविते, तेथील माणसे गातात कशी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणाला पडला नाही. हवाईचा हात आपल्यापर्यंत पोहोचला, गळा मात्र मागेच राहिला.

हे वाद्य ज्याच्या नावावर मांडले जाते तो जोसेफ केकुकु १८७४ साली जन्मला. ओआहू बेटावरील लाइए हे त्याचे गाव. शाळकरी वयात तारांवर आधी लोखंडी खिळा, मग चाकूची पाठ आणि शेवटी मुद्दाम घडविलेली पोलादी पट्टी सरकवून त्याने हा नाद साधला, असे सांगतात. हवाईचे गाणे एकदा कान देऊन ऐकले म्हणजे त्या पट्टीला खालच्या सुरावरून वरच्या सुरावर अशी ओढ का लागते, याचा उलगडा होऊ लागतो. गळा तेथे जे करतो, तेच पट्टी करू पाहत असते.

गळा काय करतो? माणसाचा आवाज खालच्या पट्टीत भरदार असतो, कारण स्वरतंतू त्या वेळी पूर्ण जाडीने कंप पावतात. सूर चढत गेला की तंतू ताणले जातात, पातळ होतात आणि एका ठिकाणी अशी वेळ येते की केवळ त्यांच्या कडाच थरथरू लागतात. या दोन आवाजांच्या मध्ये एक सांधा असतो, आणि जगातील बहुतेक गायनपरंपरांचा अर्धा रियाज हा सांधा लपविण्यात खर्ची पडतो. पाश्चात्त्य ऑपेराचा गायक तो बुजवून टाकतो. आपल्याकडील ख्यालगायक खर्जाची मेहनत करून मंद्रापासून तारसप्तकापर्यंत आवाज एकसंध राहावा म्हणून वर्षानुवर्षे झटतो. सूर चढताना आवाज फाटला, तर बैठकीतील जाणकार एकमेकांकडे पाहतात. हवाईयन गायक मात्र याच्या नेमके उलट करतो. तो सांध्यापाशी थांबतो, तेथे आवाजाला एक मोकळा झटका देतो आणि मगच वरच्या सुरावर उडी घेतो. या झटक्याला त्यांच्या भाषेत ‘हाइ’ म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ मोडणे असा आहे आणि दुसरा सांगणे असाही आहे. ज्याला पाश्चात्त्य संगीतात फॉल्सेटो, म्हणजे खोटा आवाज म्हणतात, त्याला हवाईत ‘लेओ किएकिए’ असे नाव आहे. लेओ म्हणजे आवाज व किएकिए म्हणजे उंच. खोटेपणाचा आरोप त्या नावात कोठेही नाही.

ही रीत आली कोठून, याविषयी मतभेद आहेत. १८२० साली अमेरिकन मिशनरी आले आणि त्यांनी चार आवाजांत म्हणावयाची स्तोत्रे शिकविली. १८३० नंतर गुरे सांभाळण्यासाठी मेक्सिकोतून घोडेस्वार आणले गेले. तेही गिटारी घेऊन आले आणि उंच सुरात गात. त्याही आधीपासून तेथे पठणाची परंपरा होती आणि तीत गळ्याच्या कंपनाचे अनेक प्रकार होते. एवढे तीन झरे एकत्र आल्यावर मूळ कोणते याचा वाद घालण्यात फारसे हशील नाही. भाषेचा हातभार मात्र विसरता येणार नाही. हवाईयन भाषेत स्वर पाच आणि व्यंजने अवघी आठ. प्रत्येक अक्षर स्वरानेच संपते, आणि त्या आठ व्यंजनांपैकी एक तर गळ्यातील क्षणभराचा अडथळा एवढेच आहे. अशी भाषा बोलणाऱ्याला सूर लांबविणे आणि मध्येच तोडणे, दोन्ही आयतेच साधते.

ही भाषाच एके काळी संकटात सापडली. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन धनिकांच्या गटाने, बंदरातील अमेरिकन युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या आधाराने, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. राणी स्वतः गीतकार होती. जगभर गाइले गेलेले ‘अलोहा ओए’ तिचेच. नव्या सरकारने सरकारी वाद्यवृंदाच्या वादकांकडून एकनिष्ठेची शपथ मागितली, तेव्हा अनेकांनी सही करण्यास नकार दिला आणि नोकरीवर पाणी सोडले. हे वादक एलेन प्रेंडरगास्ट या बाईंकडे गेले व आपल्यासाठी एक गीत रचून द्या म्हणाले. त्यातून ‘काउलाना ना पुआ’ जन्मले. त्याला ‘दगड खाण्याचे गाणे’ असेही म्हणतात, कारण सही करण्यापेक्षा मातीतले दगड खाऊन राहू, असा त्याचा आशय आहे. त्याची चाल मात्र इतकी प्रसन्न आहे की भाषा न जाणणाऱ्याला ते लग्नातले गाणे वाटावे. तीन वर्षांनी, १८९६ साली, शाळांतून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरविणारा कायदा झाला. मुले घरी आजीशी जे बोलत, ते शाळेत बोलण्याची चोरी झाली. दोन पिढ्यांत भाषा ओठांवरून उतरू लागली आणि गाण्यात जाऊन राहिली. विसाव्या शतकातील हवाईयन आवाज ऐकताना ही गोष्ट मनात ठेवली पाहिजे. तेथील कित्येक घरांत मराठी माणसाच्या अभंगासारखे, अर्थ पुरता न कळताही पाठ असलेले, असे जे काही उरले, ते या गायकांनी राखले.

त्यांपैकी पहिले नाव लेना मचाडो हिचे. तिचा जन्म १९०३ चा. आंब्याच्या झाडावर बसून गात असताना शेजारच्या रेडिओ-अधिकाऱ्याने तिचा आवाज ऐकला आणि तिला केंद्रावर नेले, अशी कथा आहे. पुढे रॉयल हवाईयन बँडबरोबर ती वर्षानुवर्षे गायली. तिची ‘हाइ’ बारीक आणि धारदार. सुरीने ऊस तोडावा तशी. स्वतः रचलेली गाणी ती थोड्या मिश्किलपणे म्हणे, आणि आवाज मोडतो तेथे हसू फुटते आहे की काय, असा भास होई.

रेडिओने या संगीताचे भले केले तसेच थोडे वाटोळेही केले. १९३५ साली वाइकीकीच्या किनाऱ्यावरील मोआना हॉटेलच्या अंगणात, वडाच्या प्रचंड झाडाखालून, ‘हवाई कॉल्स’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि तो चाळीस वर्षे, १९७५ पर्यंत चालला. लाटांचा आवाज यावा म्हणून ध्वनिक्षेपक पाण्यापाशी नेला जाई. अमेरिकेतील बर्फात बसलेल्या श्रोत्याला बेटांची भुरळ पडावी, हा उद्देश उघड होता, आणि गाणीही पुष्कळशी त्याच बेताची असत. शब्द इंग्रजी, मधूनमधून हवाईयन फुले पेरलेली. या मंडपातला सर्वांत देखणा आवाज आल्फ्रेड आपाका याचा. खालच्या पट्टीचा, मखमली, कोठेही सुरकुती नसलेला. १९६० च्या जानेवारीत, चाळिशीत पोहोचलेला हा गायक अकस्मात वारला, तेव्हा होनोलुलूत मोठी हळहळ झाली. त्याचा गळा थोर होता यात शंका नाही. पण त्यात सांधा ऐकू येत नाही. पाहुण्यांसाठी मांडलेल्या दिवाणखान्यासारखे ते गाणे आहे. घरातली माणसे स्वयंपाकघरात गात होती.

स्वयंपाकघरातला हा आवाज म्हणजे जेनोआ केआवे. १९१८ साली जन्मलेली, बारा मुलांची आई. अंध संगीतकार जॉन आल्मेडा यांच्या रेडिओ-कार्यक्रमातून तिचे नाव पुढे आले. १९४६ मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि १९६६ साली तर तिने स्वतःची ध्वनिमुद्रण-संस्था काढली. सारी बेटे तिला ‘आंटी जेनोआ’ म्हणत. आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणावे, तोच त्या शब्दाचा तेथील भाव. ‘आलिका’ हे गाणे तिचे. त्यात एक उंच सूर ती धरीत असे, आणि धरीतच राहत असे. युकुलेलीवरचा हात चालू, चेहरा शांत, सूर हलत नाही. श्रोते आधी टाळ्या वाजवीत, मग हसू लागत, मग श्वास रोखून गप्प होत. ऐंशी उलटल्यावरही तिचा हा दम कमी झाला नाही. दर गुरुवारी ती वाइकीकीतील एका हॉटेलात गात असे, आणि तेथे प्रवाशांच्या बरोबरीने गावची माणसेही येऊन बसत. फेब्रुवारी २००८ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, ती वारली. या सर्व आवाजांत एकच निवडावयाचा झाला, तर निवड तिच्यापाशीच थांबावी. तिच्या गाण्यात कारागिरी दिसत नाही. तिच्या सुराची सलगी मात्र वाटते.

पुरुषांत गॅबी पाहिनुईचा खरखरीत, रस्त्यावर राबलेला आवाज, १९४६ च्या सुमारास ध्वनिमुद्रित झालेल्या ‘हिइलावे’मध्ये ऐकावा. त्याच्या पुढच्या पिढीत, १९७० नंतर, डेनिस पवाओ आणि त्याचे मावसभाऊ-चुलतभावांच्या नात्यातले जुळे बंधू लेडवर्ड व नेडवर्ड काआपाना यांनी ‘हुई ओहाना’ हा संच काढला. हे तिघेही कलापना भागातले. वडीलधाऱ्यांची गाणी तरुणांनी उंच आवाजात म्हणावयास लाज वाटू नये, एवढे काम या संचाने केले. १९७८ मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली आणि १९८४ मध्ये त्या भाषेतील पहिल्या बालशाळा निघाल्या. कलापना गाव मात्र १९९० साली ज्वालामुखीच्या लाव्ह्याखाली गेले.

जगाला ठाऊक असलेला आवाज इस्रायल कामाकाविवोओले याचा. सातशे पौंडांहून अधिक वजनाचे शरीर, आणि त्यातून निघणारा आवाज पिसासारखा हलका. १९८८ साली एका रात्री, स्टुडिओ बंद होण्याच्या बेतात असताना, तो युकुलेली घेऊन आला आणि १९३९ च्या एका अमेरिकन चित्रपटातील इंद्रधनुष्याचे गाणे त्याने एकाच दमात म्हणून टाकले. १९९३ च्या ‘फेसिंग फ्यूचर’ या संग्रहातून ते बाहेर पडले. त्या संग्रहाच्या दहा लाखांहून अधिक प्रती अमेरिकेत खपल्या. १९९७ च्या जूनमध्ये तो अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला आणि राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत त्याचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले गेले. ते प्रसिद्ध गाणे गोड आहे, पण त्याच संग्रहाच्या आरंभीचे ‘हवाई ’७८’ अधिक मोलाचे. जुने राजे-राण्या परत येऊन हमरस्ते आणि रहदारीचे दिवे पाहतील तर त्यांना काय वाटेल, असे ते विचारते. तेथे हा मृदू आवाज कणखर होतो.

आता एक आवाज उरला, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. टाऊ मोए हा गिटारवादक १९०८ मध्ये सामोआत जन्मला आणि केकुकुच्याच लाइए गावी वाढला. त्याची पत्नी रोझ हिचा गळा जुन्या वळणाचा, उंच आणि तिखट. १९२९ साली टोकियोत दोघांनी एका मेळ्याबरोबर काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मग पन्नासांहून अधिक वर्षे ती जगभर भटकत राहिली. १९४० नंतरची काही वर्षे त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता. टाऊने तेथे शिष्य तयार केले, आणि भारतात हे वाद्य रुजले त्यात त्याचा मोठा वाटा आहे. रोझ त्याच मंचावर गात असे. तिचा शिष्यवर्ग मात्र येथे झाला नाही.

म्हातारपणी दोघे लाइएला परतली. जुन्या तबकड्यांचा शोध घेणारा अमेरिकन वादक बॉब ब्रोझमन याला एके दिवशी टपालाने ध्वनिमुद्रिकांची मागणी आली, आणि खालची सही पाहून तो चकित झाला; १९२९ च्या तबकड्यांवरील माणसे अद्याप हयात होती. १९८८ मध्ये त्याने त्यांच्याकडून तीच गाणी पुन्हा गाऊन घेतली. रोझ तेव्हा ऐंशीच्या घरात होती. दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली, तर मधली साठ वर्षे लपत नाहीत. आवाज जाड झाला आहे, श्वास लवकर सरतो आहे. सांध्यापाशी आल्यावर मात्र ती क्षणभर थांबते, आवाज मोडू देते आणि टोकियोत गेली होती त्याच वाटेने वर जाते.