ध्वनिमुद्रिका आणि सीडी : सुराची पारख
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत एकेकाळी दोन गोष्टी निगुतीने जपल्या जात : पुस्तकांचे कपाट आणि ध्वनिमुद्रिकांची पेटी. नाट्यगीते, अभंग आणि भावगीते यांच्याबरोबर मराठीचे उच्चारही त्या पेटीतून मुलांच्या कानी पडत. पुढे सीडी आली आणि पेटी माळ्यावर गेली. 'तबकडीचा आवाज खरा की सीडीचा?' हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. तो वरकरणी शौकिनांचा वाटतो. परंतु माळ्यावरची पेटी ठेवायची की रद्दीत द्यायची, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

तबकडीत आवाज खाचेच्या वळणांच्या रूपाने कोरलेला असतो. सुई त्या वळणांतून थरथरत जाते आणि तिच्या कंपनांतून पुन्हा सूर उमटतो. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. 1948 मध्ये अमेरिकेत विनाइलची, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी एलपी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे बसू लागले. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांचे मारवा आणि दरबारी एकाच एलपीच्या दोन बाजूंवर विलंबित लयीत विसावू शकले, ते यामुळेच.

या माध्यमाला मर्यादाही आहेत. खर्जाची वळणे फार रुंद होतात, म्हणून कोरताना खर्ज दाबावा लागतो आणि वाजवताना तो पुन्हा उचलावा लागतो. तबकडीचे फेरे एकाच गतीने होतात. परंतु मध्याकडे येता येता प्रत्येक फेऱ्याची लांबी निम्म्याहूनही कमी होते. तेवढ्या आखूड खाचेत तीक्ष्ण ध्वनी दाटीने कोंबले जातात आणि 'स', 'श', 'च' ही व्यंजने खरबरीत होतात. मधले छिद्र किंचित जरी सरकलेले असले, तरी दर 1.8 सेकंदांनी तानपुऱ्याचा षड्ज हेलकावतो. शिवाय प्रत्येक वेळी सुई खाचेला थोडी झिजवते.

सीडीची रीत निराळी. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली ही चकती 1982 मध्ये बाजारात आली. तीत आवाजाची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजणी होते आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवले जाते. यावर जाणकार रसिकांचा एक आक्षेप असतो : अशाने मींडेचे तुकडे पडणार, दरबारीतील आंदोलित गंधार पायऱ्यापायऱ्यांनी उतरणार. हा आक्षेप स्वाभाविक असला, तरी खरा नाही. मोजणीच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा, म्हणजे सुमारे 22,000 पर्यंतचा ध्वनी त्या मापांतून अखंड रूपात परत उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. तरुण, निरोगी कानाची मर्यादा 20,000 च्या आसपास असते. मींड तुटत नाही. उलट, अतिमंद आणि अतिउच्च आवाजांतील अंतर सीडी सुमारे 96 डेसिबलपर्यंत राखते. उत्तम एलपीही साधारण 70 च्या आसपास थांबते. मोजमापाने पाहिले, तर सीडीच अधिक प्रामाणिक ठरते.

मग अनेकांना तबकडीच गोड का वाटते? सवय आणि आठवणी हे एक कारण. सुई-खाचेच्या घर्षणातून येणारी सौम्य विकृती कानाला ऊबदार वाटते, हे दुसरे. तिसरे कारण अधिक गंभीर आहे. 1990 च्या दशकापासून गाणे अधिक मोठ्याने वाजावे, या हव्यासापायी अनेक सीडींमध्ये मंद आवाज वर उचलले गेले आणि उंच आवाज छाटले गेले. तबल्याची थाप आणि गायकाचा हलका श्वास एकाच पातळीवर आले. 96 डेसिबलचे अंगण उपलब्ध असताना गाणे ओसरीवरच कोंडले गेले.

जुन्या तबकड्यांवरून सीडी करताना आणखी दोन घोटाळे होतात. खरखर पुसण्यासाठी वरचे ध्वनी बेसुमार गाळले, तर खरखरीबरोबर व्यंजनांची धारही जाते. आरंभीच्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांनीच मुद्रित झालेल्या असत, असेही नाही. 74 फेऱ्यांची तबकडी 78 ने वाजवली, तर पांढरी एकमध्ये गायलेले गाणे जवळजवळ काळी एकमध्ये जाते. लय वाढते आणि गायकाचा आवाजही बदलतो. सीडी ते चुकलेले गाणे पुढे इमानाने जपत राहते. दोष सीडीचा नसतो. नक्कल करणाऱ्या कानाचा आणि हाताचा असतो.

म्हणून या वादाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. सीडी हे अधिक विश्वासू भांडे आहे. परंतु त्यात काय ओतले गेले, हे पडताळण्यासाठी मूळ तबकडीच हवी. नक्कल केल्यावर मूळ टाकून देणे म्हणजे दस्तऐवजाची प्रत काढून मूळ कागद जाळण्यासारखे आहे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. त्यात लाख विरघळते. नक्कल करताना योग्य सुई आणि योग्य गती निवडावी आणि काहीही न गाळलेली एक प्रत कायम राखावी.

मराठी प्रदेशापासून दूर असलेल्या शाळेला या कामाचे मोल निराळे सांगायला नको. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतील दोन 'च' वेगळे आहेत, हे लिपी दाखवत नाही. ते कानानेच कळते. शाळेतल्या मुलांनी घरची एखादी जुनी तबकडी आणि त्याच गाण्याची सीडी शेजारी ठेवून ऐकावी. ज्या प्रतीत ते दोन 'च' वेगळे ऐकू येतील, ती प्रत खरी. आणि तो फरक फक्त तबकडीतच उरला असेल, तर ती पेटी माळ्यावरून खाली आणण्याची वेळ झाली आहे.