कर्करोगावरील उपचारांची परीक्षा



‘क्लिनिकल ट्रायल’ हे शब्द कानी पडले, की पहिली शंका येते ती ही, की डॉक्टर आता आमच्या माणसाचा पिंजऱ्यातला उंदीर करणार! ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. घरातले माणूस कर्करोगाने अंथरुणाला खिळले असताना ‘प्रयोग’ हा शब्द कोणाला गोड लागेल? परंतु प्रयोग न करण्याचीही किंमत मोजावी लागते, ती आज पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हॉल्स्टेड या नामांकित शस्त्रवैद्याने स्तनाच्या कर्करोगावर एक शस्त्रक्रिया रूढ केली. सबंध स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सारेच काढून टाकायचे. जितके अधिक कापावे तितका रोग निर्मूल, हा त्यामागचा तर्क. तो पटण्यासारखा होता, म्हणूनच जवळजवळ पाऊणशे वर्षे टिकला. छाती सपाट झालेल्या, हात सुजलेल्या असंख्य स्त्रियांनी त्याची किंमत मोजली.

इतके कापणे खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी धसास लावला. मिलान शहरात १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट केले गेले. एका गटावर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया. दुसऱ्यात स्तनाचा गाठीभोवतीचा भागच काढून पुढे किरणोपचार. चिठ्ठ्या कशासाठी? डॉक्टरने मर्जीने निवड केली, तर धडधाकट रोगी एकीकडे आणि खंगलेले दुसरीकडे जायचे. मग यश उपचाराचे की प्रकृतीचे, हे कसे ठरावे? वीस वर्षांच्या पाहणीचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच! स्तन राखलेल्यांत रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण काहीसे अधिक होते, हेही त्यांनी सांगून टाकले.

रोग दाखवणाऱ्या यंत्रांनाही हाच न्याय. अमेरिकेत ५३,४५४ अतिधूम्रपानी स्त्रीपुरुषांत साधा क्ष-किरण फोटो आणि कमी मात्रेचा सीटी स्कॅन यांची तुलना झाली. २०११ साली दिसले ते असे, की सीटी गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्या यंत्राने दाखवलेल्या शंभर संशयांपैकी सुमारे ९६ खोटे ठरले. यंत्राची नजर तीक्ष्ण झाली, तसा विनाकारण धास्तीचा धोकाही आला. दोन्ही गोष्टी ठाऊक असल्या, तरच निर्णय शहाणपणाचा होतो.

आता आपल्या घरचे उदाहरण. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी टोचतात ते लिग्नोकेन शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे स्तनातील गाठीभोवती टोचले तर? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने भारतातील सुमारे १,६०० स्त्रियांत हे पारखले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या. औषध जुने आणि स्वस्त. त्यातून विशेष नफा नाही. म्हणून अशी परीक्षा सार्वजनिक संस्थांनीच घ्यायची असते.

तेव्हा उद्या आपल्यापुढे असा कागद आला, तर लगेच सहीही करू नका आणि तो भिरकावूही नका. विचारा: नीतिसमितीची मान्यता आहे काय? सरकारी नोंदवहीत नोंद झाली आहे काय? दुसऱ्या बाजूची चिठ्ठी निघाली, तर आमच्या माणसाला कोणता उपचार मिळेल? इजा झाल्यास भार कोणावर? नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आपला आहे. त्यापायी नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत. उत्तरे समाधानकारक मिळाली आणि आपण होकार दिला, तर एवढे ध्यानात ठेवा, की आज रोग्याला मिळणारा प्रत्येक पारखलेला उपचार अशाच कोणा अनोळखी माणसाच्या होकारातून आलेला आहे.