जेम्स कॉनोलींचे जन्मस्थान

स्थलांतरितांच्या मुलांविषयी बोलताना ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी’ असे हटकून म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. या कात्रीचे एक पाते भाकरीचे असते, आणि विद्वान मंडळी नेमके तेच विसरतात.

आयरिश कामगारांचे पुढारी जेम्स कॉनोली यांचा जन्म १८६८ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी, आयरिश आईबापांच्या पोटी झाला. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली व त्याहून अधिक देशोधडीला लागली. ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत अशा आयरिश वस्त्या वाढल्या. कॉनोलींची वस्ती काउगेटची. लोक तिला ‘छोटे आयर्लंड’ म्हणत. वडील रात्री नगरपालिकेच्या गाडीवरून शहराची घाण वाहून नेत. मुलाची शाळा लवकरच सुटली. पुढे पोटासाठी तो ब्रिटिश सैन्यात शिरला आणि आयर्लंडला पोचला तो त्या गणवेशात!

१९०१ च्या शिरगणतीत, डब्लिनमध्ये राहत असताना, कॉनोलींनी आपले जन्मस्थान आयर्लंडमधील मोनॅघन असे नोंदविले. बोलण्यातला स्कॉटिश हेल मात्र अखेरपर्यंत गेला नाही. या नोंदीला कुणी खुशाल असत्य म्हणावे. ज्याला जन्मभूमीत परका मानले गेले आणि पितृभूमीत त्याच्या उच्चारांवरून ओळखले गेले, त्याने कागदावर तरी काय लिहावे?

या परकेपणाला आर्थिक पाया होता. आयरिश मजूर आपली मजुरी पाडतो, असे इंग्रज कामगाराला वाटे. हे वैर मालकवर्ग जोपासतो आणि इंग्रज कामगारवर्गाच्या दुबळेपणाचे मर्म त्यातच आहे, हे मार्क्सने १८७० मध्येच एका पत्रात दाखविले होते. कॉनोलींनी ते वैर घरीदारी पाहिलेले. म्हणूनच १८९६ मध्ये डब्लिनला समाजवादी प्रजासत्ताक पक्ष स्थापताना, केवळ झेंडा बदलल्याने मजुराची सुटका होईल या भ्रमात ते राहिले नाहीत. लिव्हरपूलच्या आयरिश वस्तीत वाढलेल्या जिम लार्किन यांनी १९०७ साली बेलफास्टच्या गोदीत प्रॉटेस्टंट व कॅथलिक कामगारांना एकाच संपात उतरविले, हेही याच संदर्भात पाहावे.

एप्रिल १९१६ मध्ये, म्हणजे टिळकांची होमरूल लीग बेळगावी स्थापन झाली त्याच आठवड्यात, डब्लिनमध्ये उठाव झाला. कॉनोली त्यात जबर जखमी झाले. उभे राहवत नव्हते, म्हणून १२ मे रोजी त्यांना खुर्चीला बांधून गोळ्या घालण्यात आल्या. गोळ्या झाडणारे सैन्य तेच होते, ज्यात ते कोवळ्या वयात पोटासाठी भरती झाले होते.